बोलल्याशिवाय बाण हलत नाही : स्ट्रीट व्ह्यू घेऊन भाषेचा तास कसा घ्यायचा

मी आठवी-नववीला इंग्रजी शिकवतो, अन् स्टाफ कमी असला की मराठीचे तासही अंगावर येतात. लातूर जिल्ह्यातली खेड्यातली शाळा, वर्गात एक स्मार्ट टीव्ही, नेट म्हणजे माझ्याच मोबाइलचं हॉटस्पॉट, अन् लाइटचा भरवसा नाही. हे आधीच सांगतो कारण असल्या गोष्टी वाचताना आपल्याला वाटतं हे पुण्या-मुंबईच्या शाळांचं काम आहे, आपल्याकडं कुठं जमतंय. जमतंय. फक्त माझ्यासारखं पहिल्यांदा तोंडावर पडू नका, म्हणून हे लिहायलोय.

पहिल्यांदा मी काय केलं, तर टीव्हीवर गूगल मॅप्सचं स्ट्रीट व्ह्यू, म्हणजे रस्त्यावर उभं राहून चारी बाजूंनी बघता येणारे फोटो, त्यात पॅरिस उघडलं. आयफेल टॉवरच्या समोर उभं केलं सगळ्या वर्गाला अन् म्हणलं, बोला, काय दिसतंय. लेकरं म्हणाली, वाव. मग कुणीतरी म्हणलं सर तिकडं चला, दुसरं म्हणलं सर वर दाखवा, तिसरं म्हणलं सर दुबई दाखवा, बुर्ज खलिफा दाखवा, अन् पस्तीस मिनिटं मी ड्रायव्हर झालो आणि लेकरं प्रवासी. तास संपला तेव्हा सगळे खूश होते आणि फळ्यावर एक शब्द नव्हता. इंग्रजी तर सोडाच, धड मराठी वाक्यसुद्धा कुणी बोललं नव्हतं.

घरी जाताना डोक्यात बसलं की चूक प्रश्नात होती. "काय दिसतंय" विचारलं की एका शब्दाचं उत्तर येतं: कार, ट्री, बिल्डिंग. झालं, संपलं. तेव्हापासून मी एकच प्रश्न धरून ठेवलाय, "कशावरून?" हे गाव गरीब आहे, कशावरून. आता सकाळ आहे, कशावरून. इथं शाळा जवळच असणार, कशावरून. या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देताच येत नाही, 'कारण' म्हणावंच लागतं, अन् इंग्रजीत बिकॉज आलं की वाक्य आपोआप लांबतं. खाली जे जे सांगतोय ते सगळं या एका प्रश्नाभोवतीच फिरतंय.

आधी तांत्रिक बाजू उरकून घेऊ. कॉम्प्युटरवर गूगल मॅप्स उघडलं की उजव्या कोपऱ्यात खाली एक पिवळा माणूस असतो, तो उचलून नकाशावर धरला की निळ्या रेघा दिसतात आणि कुठं कुठं निळे ठिपके. रेघ म्हणजे तिथून कॅमेऱ्याची गाडी गेलीय, फोटोतल्या रस्त्यावरचा बाण दाबत पुढं पुढं जाता येतं. ठिपका म्हणजे कुणीतरी हौशी माणसानं एका जागी उभं राहून काढलेला गोल फोटो, जागेवर फिरून बघायचं, पुढं जायचं नाही. मोबाइलवर लेयरचं बटण दाबून स्ट्रीट व्ह्यू चालू करायचं की त्याच निळ्या रेघा येतात. हवी ती जागा सापडली की शेअरमधून लिंक घेऊन स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅप करून ठेवा, त्याच जागेवर त्याच दिशेला तोंड करून उघडतं.

आपल्याकडचं कसंय, की स्ट्रीट व्ह्यू जगात २००७ पासून आहे पण भारतात सरकारनं बरीच वर्षं परवानगी दिली नव्हती, २०१६ ला तर सरळ नकार होता. मग २०२२ च्या जुलैत जेनेसिस आणि टेक महिंद्रा या दोन भारतीय कंपन्यांना सोबत घेऊन दहा शहरांपासून सुरू झालं. त्यात आपल्या राज्यातली मुंबई, पुणे, नाशिक आणि तेव्हाचं अहमदनगर होतं. मराठवाड्यातलं एकही नाव नव्हतं, आता याची आपल्याला सवयच आहे. नंतर रेघा बऱ्याच वाढल्यात, त्यामुळं तुमच्या गावाचं काय ते स्वतः बघून घ्या, मी सांगण्यात अर्थ नाही.

दुसरी साइट मॅपिलरी. स्वीडनमध्ये २०१३ ला सुरू झाली, २०२० ला फेसबुकनं विकत घेतली. तिच्यात फोटो लोकांनीच टाकलेले असतात, कुणी गाडीतून कुणी चालत, क्वालिटी कधी बरी कधी अगदीच रद्दी. पण तिची एक गोष्ट मास्तरांच्या फायद्याची आहे, ते फोटो खुल्या लायसन्सवर असतात, म्हणजे नाव देऊन छापता येतात, वाटता येतात. गूगलचे नियम स्ट्रीट व्ह्यू छापण्याच्या बाबतीत कडक आहेत, म्हणून माझा हिशोब सोपा आहे: गूगलचं टीव्हीवर लाइव्ह दाखवायचं, अन् कागदावर काही पाहिजे असेल तर मॅपिलरीचं नाहीतर स्वतः काढलेलं. लाइट गेली तर कागद कामाला येतो, त्यामुळं पाच-सहा प्रिंट कपाटात ठेवाच. आमच्याकडं तर पावसाळ्यात कागदावरच तास जास्त होतात.

अजून एक बारीक काम. फोटो उघडला की डाव्या कोपऱ्यात जागेचं नाव लिहून येतं, लेकरं ते पहिल्यांदा वाचतात आणि मग अंदाज कसला न् काय. मी वहीचं पान फाडून टीव्हीच्या त्या कोपऱ्यावर चिकटवतो. दोन वर्षं झाली, यापेक्षा चांगला उपाय मला सापडला नाही. पण चिकटवायच्या आधी तिथली तारीख बघून ठेवा, महिना आणि साल असतं, तास संपताना उत्तर म्हणून कामी येतं.

आणि जागा आदल्या दिवशी चालून बघा. नुसती उभं राहायची जागा नाही, तिथून पुढं-मागं दोन-दोनशे मीटर. मी एकदा नुसता चौक बघून लिंक ठेवली होती, वर्गात एका लेकरानं मला डावीकडं वळवलं आणि समोर भली मोठी दारूच्या दुकानाची पाटी. पुढची दहा मिनिटं काय झालं ते सांगत नाही.

आता पहिला खेळ, आपण कुठं आहोत. यात मास्तरांनी माउस धरायचा आणि अजिबात स्वतःच्या मनानं हलवायचा नाही. ज्याला बाण पुढं न्यायचाय त्यानं पूर्ण वाक्य बोलायचं. नुसतं "राइट" म्हणलं तर बाण हलत नाही. "प्लीज टर्न राइट" म्हणलं तर हलतो. "गो स्ट्रेट अँड स्टॉप निअर द रेड कार" म्हणलं तर जातो आणि लाल गाडीजवळ थांबतो. मराठीच्या तासाला हेच मराठीत, "तिकडं घ्या" चालणार नाही, "त्या निळ्या दाराच्या अलीकडच्या बोळात वळा" असं पाहिजे. पहिल्या तासाला लेकरं चिडतात, की सर एवढं काय, हलवा की. नका हलवू. तिसऱ्या तासाला मागच्या बाकावरचं, जे वर्षभर हजेरीला "येस सर" सोडून काही बोललेलं नाही, ते पण बोलतंय, कारण त्याला त्या भिंतीच्या पलीकडं काय आहे ते बघायचं असतंय. आपण भाषा शिकायचं कारण म्हणून नोकरी-बिकरी सांगतो, पण त्या वयात भिंतीपलीकडं काय आहे हे कारण जास्त चालतंय.

जागा कुठली निवडायची तर पॅरिस, न्यूयॉर्क, ताजमहाल असलं नको. ओळखीचं निघालं की संपलं. कुठलीतरी साधी गल्ली, जिच्यात कपडे वाळत घातलेत, एखादी पाटी आहे, एखादी गाडी उभीय. मग वर्गाला खुणा गोळा करायला लावा. गाड्या रस्त्याच्या कुठल्या बाजूनं चालल्यात? डावीकडून असतील तर भारत, जपान, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, केनिया असे देश उरतात, उजवीकडून असतील तर बाकी सगळं जग. नंबर प्लेटचे आकडे पुसट केलेले असतात पण रंग कळतो, आपल्याकडं भाड्याची गाडी पिवळी हे लेकरांना पाठ असतंय, तिकडं जपानमध्ये छोट्या इंजिनच्या घरगुती गाड्यांनाही पिवळी प्लेट असते म्हणलं की त्यांचा सगळा अंदाज कोसळतो आणि मजा येते. दुकानांच्या पाट्यांची लिपी बघा. आमच्या पोरांना बंगाली आणि गुरुमुखी दोन्ही हिंदीच वाटायचं, डोक्यावर रेघ आहे ना म्हणून, मग नांदेडला गुरुद्वाऱ्यात जाऊन आलेली एक पोरगी म्हणाली सर हे नांदेडसारखं आहे, ते वेगळं आहे. बघा, तिनं रेघेच्या खालचं बघितलं होतं.

आठवी-नववीच्या व्याकरणात ते मस्ट बी, माइट बी, कान्ट बी असतंय, जे आपण दरवर्षी फळ्यावर लिहून पाठ करून घेतो आणि दरवर्षी विसरतात. इथं ते हाताला येतं. पूर्ण खात्री असेल तर मस्ट बी, थोडीफार असेल तर माइट बी, शक्यच नसेल तर कान्ट बी. "इट कान्ट बी इंडिया बिकॉज द कार्स आर ऑन द राइट." असं वाक्य एकदा भांडणात वापरलं की विसरत नाही. भांडण होऊ द्या, वर्गात आवाज झाला तर शेजारच्या वर्गातले सर येऊन बघून जातील, जाऊ दे.

यातला माझा सगळ्यात आवडता तास आयर्लंडचा. आयर्लंडच्या पश्चिमेला असा भाग आहे जिथं लोक अजून आयरिश भाषा बोलतात आणि रस्त्यावरच्या पाट्यासुद्धा त्याच भाषेत असतात. तिथल्या एका अरुंद रस्त्यावर नेऊन उभं केलं, दोन्हीकडं दगडाचे बांध, मेंढ्या, वर आभाळ भरलेलं, आणि डांबरावर पांढऱ्या रंगात मोठ्या इंग्रजी अक्षरात लिहिलेलं, गो मॉल. वर्ग खूश. सर, पुढं मॉल आहे! मी म्हणलं, कशावरून? लिहिलंय की सर, मॉलकडं जा. मग बाण पुढं नेला, वाक्य बोलून बोलून नेला, मेंढ्याच मेंढ्या. अजून पुढं, परत मेंढ्या. एकजण म्हणला मॉल लांब असंल. दुसरी म्हणाली, एवढ्या बारीक रस्त्यानं मॉलला कोण जाईल, आपल्या वावराच्या रस्त्यावर कुणी डी-मार्ट काढंल का. हे म्हणजे एक नंबर कशावरून झालं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की दर वेळी वळणाच्या अलीकडंच लिहिलंय. पुढं धोक्याचं वळण, रस्त्यावर काय लिहितील? "हळू"! बरोबर. आयरिश भाषेत गो मॉल म्हणजे हळू. अक्षरं इंग्रजी पण भाषा इंग्रजी नाही, हे मी तोंडानं दहा वेळा सांगितलं असतं तर दहा वेळा वाऱ्यावर गेलं असतं. आता आमच्या शाळेत कुणी जिन्यावरून पळायला लागलं की मागून आवाज येतो, गो मॉल, गो मॉल.

दुसरा खेळ रस्ता सांगायचा. हा जुनाच आहे, पुस्तकात नकाशा देऊन लिहा म्हणतात. पण पुस्तकातल्या नकाशात बँक, पोस्ट, हॉस्पिटल असे चौकोन असतात आणि सगळे रस्ते सरळ काटकोनात, असलं गाव आपण कुणी बघितलंय. मी लातूरची गंजगोलाई घेतो. मधे गोल इमारत आणि सोळा रस्ते फुटतात. "टर्न लेफ्ट" म्हणून तिथं काहीच होत नाही, कुठलं लेफ्ट? मोजावं लागतं, कुठला रस्ता, कशाच्या पुढचा, कशाला वळसा घालून. एकाला टीव्हीकडं पाठ करून उभं करा, त्याच्या हातात कोरा कागद, वर्ग सांगणार आणि तो रस्ता काढत जाणार. वरून बघितलेला नकाशा आणि रस्त्यावरून बघितलेला फोटो दोन्ही शेजारी ठेवले तर आणखी बरं.

यात एक गोष्ट मला उशिरा कळली. आमची लेकरं रस्ता सांगताना डावं-उजवं वापरतच नाहीत. "मारुतीच्या पारापसून खालच्या अंगाला", "वेशीच्या आत आलं की कुणालाबी इचारा". मी आधी हे खोडायचो. आता खोडत नाही, आधी तसंच त्यांच्या बोलीत सांगायला लावतो, फळ्यावर तसंच लिहितो, मग पुस्तकी मराठीत करू म्हणतो, मग इंग्रजीत. 'खालच्या अंगाला' चं इंग्रजी काय? डाउनहिल म्हणावं तर आमचं गाव तळहातासारखं सपाट. तेव्हा वर्गाला पहिल्यांदा शोध लागतो की खालचं-वरचं हे ओढ्याच्या उतारावरून ठरलेलं आहे, मलाही तेव्हाच लागला होता हे कबूल करतो.

पाट्यांचा खेळ मराठीच्या तासाला ठेवा. कुठलाही बाजाररस्ता उघडा आणि पाट्या वाचून काढा: कोणत्या भाषा, कोणती लिपी, कोणती मोठी कोणती छोटी. आपल्याकडं दुकानाची पाटी मराठीत देवनागरीत पाहिजे आणि ती अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नकोत असा कायदा आहे, २०२२ मध्ये तो छोट्या दुकानांनाही लागू झाला. लेकरांना विचारा, पाळलाय का, कशावरून. मग गंमत बघा, 'मोबाईल शॉपी', 'हेअर कटिंग सलून', 'फर्निचर अँड इलेक्ट्रॉनिक्स', लिपी मराठी, भाषा इंग्रजी, म्हणजे आयर्लंडच्या बरोबर उलटं. यावर दोन गट करून वाद लावला, की ही पाटी मराठी म्हणायची का नाही, अर्धा तास चालला. दहावीच्या इंग्रजी पेपरला ते व्ह्यू-काउंटरव्ह्यू येतंय, त्याची तयारी अशी फुकटात होते.

छत्रपती संभाजीनगरचा जुना भाग यासाठी खाण आहे. दरवाज्यांचं शहर, बावन्न दरवाजे म्हणतात. पैठण गेट, दिल्ली गेट, मक्का गेट, भडकल गेट. मराठी, उर्दू, इंग्रजी पाट्या एकमेकांच्या खांद्यावर बसलेल्या, त्यात काहींवर शहराचं जुनं नाव, काहींवर नवं. विचारा, पैठण गेट पैठणमध्ये नाही मग नाव का? ज्या गावाकडं तोंड त्या गावाचं नाव, मग दिल्ली गेट कुठल्या दिशेला असणार, नकाशा न बघता सांगा. भडकल गेट मात्र या नियमात बसत नाही, तो मलिक अंबरनं १६१२ ला विजयाची आठवण म्हणून बांधला. एवढ्यावर एक परिच्छेद लिहायला सांगितला तर इतिहासाचे सरही खूश होतात. उदगीर-देगलूरकडच्या मास्तरांची तर चैन आहे, कन्नड-तेलुगू पाट्या एसटीच्या अंतरावर.

फक्त पाट्यांतल्या शुद्धलेखनाच्या चुका काढायचा नाद लावू नका. मी लावला होता, आणि एका पाटीवर सगळा वर्ग खिदळला ती पाटी वर्गातल्याच एकाच्या काकांची निघाली.

आता ज्या तासानं मला गप केलं तो. मोकळ्या रस्त्याचा फोटो होता, पश्चिम महाराष्ट्रातला, दोन्हीकडं हिरवं. मी विचारलं, इथून जवळ काय असेल? कुणी म्हणलं नदी, कुणी म्हणलं गाव. एक लेकरू, ज्याचे आई-वडील दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि तेही अर्धं वर्ष सोबत जातंय, हजेरीत त्याच्या नावापुढं निम्मे खाडेच, ते म्हणलं, साखर कारखाना. कशावरून? म्हणलं रस्त्याच्या कडेला वाढं पडलंय. आम्ही कुणी बघितलंच नव्हतं. जवळ नेलं, खरंच, डांबराच्या कडेला उसाच्या शेंड्याचा वाळका पाला. मग ते बोलतच राहिलं, की ही जी चाकांची चिखलाची रेघ आहे ती ट्रॅक्टरची, दोन ट्रॉल्या असल्या की वळणावर मागची ट्रॉली अशी आत कापते, म्हणून रेघ अशी, आणि ट्रॉली भरलेली असताना वाढं पडतंय म्हणजे गाडी इकडून तिकडं गेलीय, कारखाना तिकडच्या बाजूला. बाण तिकडं नेला. बराच वेळ नेला, मधे हॉटस्पॉट दोनदा तुटलं. धुराडं दिसलं. मी फळ्यावर लिहिलं, द फॅक्टरी मस्ट बी निअर, बिकॉज. पुढचं त्यानं सांगितलं, वाढ्याला इंग्रजी शब्द मी दिला, केन टॉप्स. बाकी सगळं त्याचं.

त्यावरून एक शिकलो, की सगळ्या जागा परदेशातल्या घेऊ नका. आठवड्याला दोन फोटो असतील तर एक असा घ्या की ज्यात तुमच्यापेक्षा वर्गातल्या कुणालातरी जास्त कळतंय. वीटभट्टी, मोंढा, तांडा, बाजार समिती, रसवंती.

भूतकाळासाठी जुने फोटो. कॉम्प्युटरवर काही जागी तारखेजवळ 'आणखी तारखा बघा' असं येतं, ते दाबलं की त्याच जागेचे आधीच्या वर्षांचे फोटो, ही सोय २०१४ पासून आहे. भारतात आपलं सुरूच २०२२ ला झाल्यामुळं फार मागं जाता येत नाही, म्हणून बाहेरची शहरं घ्या. न्यूझीलंडचं क्राइस्टचर्च मी घेतो, तिथं २०११ च्या फेब्रुवारीत भूकंप झाला आणि शहराचा मधला भाग पडला. चर्चच्या चौकाचे आधीचे आणि नंतरचे फोटो शेजारी ठेवले की 'देअर यूज्ड टू बी' आपोआप येतं, इथं मनोरा होता, आता नाही. मराठीत होता-आहे-असायचा यातला फरक करून घ्या, 'असायचा' ला इंग्रजीत काय म्हणाल, इथं लेकरं अडतात आणि अडलं पाहिजे.

हा तास आमच्या भागात जपून घ्यावा लागतो. आमच्याकडं ३० सप्टेंबर १९९३ म्हणलं की पुढं काही सांगावं लागत नाही, अनंत चतुर्दशीच्या रात्री गणपती बुडवून लोक झोपले आणि पहाटे चारच्या आत भूकंपानं गावं मातीत गेली. किल्लारीच्या आसपासची गावं नंतर दुसऱ्या जागेवर वसवली, सरळ रस्ते, आखलेले प्लॉट. म्हणजे नव्या गावात तुम्हाला निळी रेघ मिळंल, जुन्या गल्लीची रेघ कुठंच नाही. मी वर्गाला सांगितलं की आजीला, आजोबाला विचारा, तुमच्या जुन्या दारात उभं राहून डावीकडं बघितलं तर काय दिसायचं, उजवीकडं काय, समोर काय, आणि ते लिहून आणा. बळजबरी नाही, कुणाच्या घरात नको असेल तर शेजारच्या गावातला जुना वाडा घ्या. एका पोरीनं लिहून आणलं, आजी म्हणती डावीकडं बघितलं की चुलतीची चूल दिसायची, आणि उजवीकडं बघितलं की कोण येतंय ते दिसायच्या आधी बैलाच्या घंटीवरून कळायचं. कशावरून हे मी त्या दिवशी विचारलं नाही. चार-पाच वह्यांवरून मिळून आम्ही एका गल्लीचं चित्र काढलं, घरं कुठं, आड कुठं, कोणाच्या दारात लिंब. निबंध म्हणून तपासलं, पण लाल पेन फार चालवला नाही.

नियमांचं थोडं. फोटोतले चेहरे धूसर केलेले असतात, ते गोष्ट लिहायला उलट बरं पडतं, हा बिनचेहऱ्याचा माणूस पिशवी घेऊन कुठं निघालाय, दहा ओळी लिहा, संवाद लिहा. पण वर्गातल्या कुणाचं घर, त्यातही मुलींचं घर, टीव्हीवर उघडायचं नाही, लेकरं पहिल्याच दिवशी मागतात, सर आमचं घर दाखवा. नाही म्हणा. घराच्या दारात काय आहे, काय नाही, ते चाळीस जणांनी बघायची गरज नसते. कुणाला आपलं घर फोटोत नको असेल तर 'समस्या कळवा' मधून धूसर करायची विनंती करता येते, हे मात्र शिकवा, अर्जलेखन म्हणूनही होतं. आणि लहान वर्गांना, पाचवी-सहावीला, एवढा अंदाजाचा पसारा नको, एक फोटो, पाच रंग, दहा वस्तू, वर-खाली-मागं-पुढं, बास.

शेवटचा खेळ स्वतः फोटो काढायचा. फोन माझाच, लेकरांचे घरचे फोन मागवू नका, अर्ध्यांकडं नसतात. शाळेपासून एसटी स्टँडपर्यंत चालत गेलो, दर वीस पावलांवर एक फोटो, समोर माणसं आली तर थांबायचं, पोलीस स्टेशन आणि असल्या जागा सोडायच्या. मॅपिलरीचं अ‍ॅप असलं तर ते चालता चालता आपोआप काढतं, अन् फोटो साइटवर टाकले की तिथं चेहरे धूसर होतात. मी टाकले नाहीत, नुसती झिप फाइल केली आणि देगलूरकडं एक मित्र मास्तर आहे त्याला पाठवली, त्यानं त्याच्या गावचे पाठवले. गावाचं नाव दोघांनीही सांगायचं नाही, दोन्ही वर्गांनी ओळखायचं आणि समोरच्या गावाला पत्र लिहायचं, प्रत्येक अंदाजाला कारण देऊन.

आमच्या वर्गानं त्यांचं गाव दुसऱ्या फोटोतच ओळखलं, एका दुकानावर तेलुगू होतं. त्यांचं पत्र आठ दिवसांनी आलं. गावाचं नाव चुकलं होतं, जिल्हा बरोबर होता. खाली ओळीनं अंदाज, तुमच्याकडं सोयाबीन असणार, तुमच्या शाळेला नवा रंग दिलाय, तुमच्याकडं माकडं येतात. सातव्या नंबरला लिहिलं होतं, तुमच्या गावात नळाला रोज पाणी येत नाही. कारण, बारा फोटोत एकोणीस निळे ड्रम आहेत, दारात.

वर्गानं पत्र बाजूला ठेवलं आणि आमचेच फोटो परत टीव्हीवर लावायला लावले. ड्रम मोजायला. एकवीस निघाले, दोन गाडीच्या मागं होते.